मी, दहा हजार सात

मित्रांनो, मी एक जुनी मूळ संख्या आहे. किती जुनी ते विचारू नका, आम्हा संख्यांचा वाढदिवस नसतो. माझं नाव १०००७. पाच आकडी संख्यांतली पहिली मूळ संख्या मीच! दोन घरं पुढे १०००९ राहते, ती माझी जोडीदारीण. एक आणि मी स्वतः सोडलं, तर कुणीच मला पुरतं भागू शकत नाही. म्हणून वाटणीच्या कामाला मला कुणी बोलवत नसे. "हिचं काय लोणचं घालायचं?" असंच माझं आयुष्य गेलं.

मग मुलचेऱ्याच्या खुशबूने मला उचललं. गणिताच्या प्रदर्शनासाठी तिने मला पुठ्ठ्यावर लाल रंगाने काढलं आणि गडचिरोलीला नेलं. इथे निवड झाली, तरच तिला पुढच्या फेरीला जाता येणार होतं. मी तर नुसती फुगले होते!

परीक्षक बाहेरगावचे होते. खुशबू म्हणाली, "सर, हे मूल संख्या हाय."

आमच्याकडे 'ळ'चा 'ल' होतो, त्याला इलाज नाही. पण साहेबांना चेव आला. "मूल? म्हणजे त्या मूल गावची का? मग गाडी किती वाजता सुटते हिची?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने हसल्या खुशबूच्या गणिताच्या रीताबाई. खुशबूने साहेबांकडे पाहिलंच नाही, बाईंकडे पाहिलं. माझ्या नावापायी पोरीची शोभा झाली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरं, ही मूळच कशावरून? सांग, नाहीतर पुढचा नंबर."

खुशबू मला टेबलावरून उचलू लागली. साहेब पुढच्या टेबलाकडे वळले, तशा रीताबाई उठल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"थांबा सर. मी बी मूलचीच आहो. माह्या घरी बी असंच बोलतेत. मले हसाले नाई पायजे होतं. खुशबू, सांग बेटा, आपल्या बोलीत सांग."

खुशबू खाली बघूनच बोलली. "सर, याचे दोन भाग पडले असते, तं एक तरी शंभराच्या आत राह्यला असता. दोन्ही शंभराच्या वर गेले, तं गुणाकार याच्याहून मोठा होते. म्हणून शंभराच्या आतल्या साऱ्या मूल संख्यांनी भागून पाह्यलं. एकानंही गेला नाई."

साहेबांनी मान डोलावली. निवड झाली.

परतीच्या बसमध्ये रीताबाईंनी शेजारची जागा धरून ठेवली होती. "ये बेटा, इथी बस."

"राहू द्या बाई. मी उभीच बरी हावो."

आष्टी आली, गेली. जागा रिकामीच राहिली. बाई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या, आणि खुशबूच्या काखेत मी शरमेने चूर झाले होते.

मित्रांनो, कुणी आपल्या बोलीत बोलू लागलं, तर हसू नका. परक्याचं हसणं माणूस विसरतो हो, आपल्या माणसाचं नाही विसरत.