ओरिनच्या डब्यातल्या पुंगळ्या

आर्डिस टवेटने सकाळपासून तेवीस पुंगळ्या प्रेसमधून काढल्या, पण माप काही जुळेना. हँडल तेच, डाय तोच, वंगणाचं बोटही तेवढंच. तरी कॅलिपर दर वेळी वेगळंच बोलत होता.

गोळी सुटली की काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. ती पुन्हा भरायची तर डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून तिचा खांदा, तोंडाखालचा उतार, मागे सारायचा. पण किती? दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश. कमी सरला तर रायफलीचा बोल्ट बंद होताना अडतो. जास्त सरला तर पुंगळी दर बाराला ताणली जाते आणि एक दिवस बुडाशी तुटते. हे तिच्या नवऱ्याने, ओरिननेच, तिला शिकवलं होतं. आता ओरिनला जाऊन सात महिने झाले होते आणि त्याची रायफल ती चालवत होती.

डाय नव्याने बसवताना तिने स्वतः त्याच्या कड्यावर मार्करने मारलेली रेघ बघितली. रेघ जागच्या जागी होती. म्हणजे डाय हललेला नव्हता. मग हललं काय?

तिने पुंगळ्या तराजूवर घातल्या. डब्यावर ओरिनच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘दोनदा उडवलेल्या’. एकाच पेटीतून घेतलेल्या पन्नास पुंगळ्या, पण वजनात सरळसरळ दोन गट पडले. तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा मर्लचं नाव आलं.

मर्ल हॉगन शेजारी. शेजारी म्हणजे गव्हाच्या दोन शेतांपलीकडे. गेल्या वर्षी क्लबच्या सहाशे यार्डांच्या सामन्यात तो तिच्या मागे एका गुणाने राहिला होता. त्यानंतर महिनाभर त्याने तो विषय काढला नव्हता, आणि मर्लसारख्या बोलक्या माणसाचं हे गप्प राहणं तिला तेव्हाच खटकलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी तो तळघरात, जिथे हे डबे असतात, घर तापवायच्या भट्टीची जाळी बदलायला आला होता. जाळी बदलायला वीस मिनिटं लागतात. तो तासभर खाली होता.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. शिवणाची सुई घेतली आणि पन्नासही पुंगळ्यांच्या बुडाजवळच्या खाचेत बारीक ओरखडा काढला. भिंगाशिवाय दिसायचा नाही असा. मग मर्लला फोन केला.

“ती भट्टी परत घरघरतेय रे.”

“येतो की,” मर्ल म्हणाला. “दुपारी येतो.”

भट्टी मुळीच घरघरत नव्हती. मर्ल आला, खाली गेला. वर आर्डिस कॉफीचा कप हातात घेऊन पायऱ्यांशी उभी राहिली. हातोडीचा आवाज नाही, पान्याचा नाही. फक्त एकदा पितळ पितळाला लागल्याचा किणकिणाट झाला. वर आल्यावर तो म्हणाला, “काही नाही, पट्टा थोडा सैल होता,” आणि तिच्या नजरेला नजर न देता निघून गेला.

तिने डबा उपडा केला, भिंग घेतलं. अकरा पुंगळ्यांवर ओरखडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात शिरली. मर्ल हरणाचं सॉसेज आणि अंडी खात होता. तिने डबा त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

“माझ्या अकरा पुंगळ्या कुठेत?”

मर्लने काटा खाली ठेवला. “मोजल्यास होय?”

“खूण केली होती. चोर म्हणायचं का तुला, की आणखी काही शब्द आहे?”

तो उठला, शेडमध्ये गेला आणि कॉफीचा एक जुना डबा घेऊन आला. आत पुंगळ्याच होत्या, अकराहून पुष्कळ जास्त. मग टोकाशी वाकवलेली एक तार त्याने तिच्या हातात दिली.

“आत घाल. बुडाकडून वर ओढ.”

तिने ओढली. बुडाच्या जरा वर तार अडकली. दुसरीतही अडकली. तिसरी मर्लने शिकंज्यात धरून करवतीने उभी कापली. आतली भिंत बुडाशी जाड होती, आणि लगेच वर एका जागी कागदासारखी पातळ.

“मागल्या महिन्यात रेंजवर तुझी एक उचलली,” मर्ल म्हणाला. “बाहेरून बुडाशी चकाकतं कडं होतं, तुटायच्या आधी येतं ते. ओरिननं शेवटच्या वर्षी डाय फारच खाली बसवला होता गं. हात थरथरायचे त्याचे. खांदा सहा-सात थाऊ मागे जायचा. आणि दोनदा कसल्या, आठ-नऊ वेळा उडवलेल्या आहेत ह्या. डब्यांचा घोळ झाला त्याच्याकडून.”

“मग माझ्या डब्यात कुठल्या घातल्यास?”

“माझ्या. एकदाच उडवलेल्या. पण माझ्या रायफलीतल्या, म्हणून तुझ्या डायमध्ये माप जुळलं नसणार. ते माझ्या डोक्यातच आलं नाही.”

आर्डिस खुर्चीवर बसली. ह्यातली एखादी तिच्या गालाशेजारी फुटली असती.

“तोंड नव्हतं तुला सांगायला?”

“त्याचं अक्षर होतं डब्यावर,” मर्ल म्हणाला. “ओरिन चुकला, हे तुला मी सांगायचं? सातच तर महिने झालेत.”

तिला रडू आलं नाही, राग आला. आणि तो नेमका कुणावर हेही कळेना. तिने पक्कड मागितली. ओरिनच्या सगळ्या पुंगळ्यांची तोंडं दोघांनी बसून चेपून टाकली, म्हणजे पुन्हा कुणी भरायला नको. मर्लच्या पुंगळ्या तिने मोजून त्याच्यासमोर ठेवल्या.

“ह्या ठेव तुझ्या. मी नव्या आणते. आणि ह्यापुढे माझ्या तळघरात काही दिसलं तर वर येऊन सांगायचं.”

“सांगीन.”

दारापर्यंत गेली आणि थांबली. इतकी वर्षं ओळखत असलेला हा माणूस तिच्या भल्यासाठी सलग तीन आठवडे खोटं बोलू शकत होता.

“मर्ल, गेल्या वर्षीचा तो एक गुण. तो तू मुद्दाम सोडलास का?”

मर्लने गार झालेलं अंडं तोंडात घातलं आणि सावकाश चावलं. “नाही गं बाई,” तो म्हणाला. “तो तुझाच होता.”

गाडीत बसल्यावर बराच वेळ तिने किल्ली फिरवली नाही. भट्टीचा पट्टा सैल होता, असं त्याने सांगितलं होतं तेव्हाही आवाज अगदी असाच होता.