उगवतीच्या कोपऱ्यातलं शून्य

मयुरीने पाठवलेली फाइल कोसंबटोल्यात तिसऱ्यांदाही उघडली नाही, तेव्हा तिथल्या मच्छीमार सुगंधाबाईंचा फोन आला.

"मयुरी, नुसता कोरा पडदा दिसून राह्यला. आमच्या मासोळ्या कुठी हायेत त्यात?"

मयुरी चंद्रपुरातल्या एका लहानशा संस्थेत कॉम्प्युटरवर काम करायची. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या या मुलीने तलाव पाहिले होते ते बहुतेक बसच्या खिडकीतूनच. कोसंबटोल्याचे ढिवर, म्हणजे तिथले मच्छीमार, मात्र दोन वर्षं दर आठवड्याला सांगत आले होते : तलावाच्या कुठल्या भागात, कुठली मासोळी, किती मिळाली. संस्थेचे कार्यकर्ते ते फॉर्मवर लिहीत आणि मयुरी डेटाबेसमध्ये भरी. तो उघडायचं सॉफ्टवेअर संस्थेच्या दोनच कॉम्प्युटरांवर होतं. गावात ते कुणाकडे असणार?

आजवर कुणी काही मागितलं नव्हतं. पण बुधवारच्या ग्रामसभेत तलावाचा गाळ कुठून काढायचा ते ठरणार होतं, आणि त्यासाठी याच नोंदींचा रिपोर्ट धरला जाणार होता. तालुक्याच्या कार्यालयात तो पोचलाही होता.

"आमीच सांगितलं न ते सारं? मंग आमाले पाह्यले नको?" सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मयुरीला जास्त लागलं.

तिने रिपोर्टची पीडीएफ करून पाठवली. ती उघडली, पण तेरा रकान्यांचा तक्ता फोनवर मुंग्यांच्या रांगेसारखा दिसे. शेवटी तिने तलावाच्या एकेका भागाला एकेक पान दिलं, अक्षरं ठळक केली, प्रिंट काढल्या आणि शनिवारी सकाळी मूल गावाकडे जाणारी बस धरून कोसंबटोला गाठलं.

मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये वीसेक माणसं बसली होती. सोसायटीचे अध्यक्ष दादाजीभाऊ चष्मा लावून एकेक पान मोठ्याने वाचू लागले. पाळीजवळचा, म्हणजे बांधालगतचा भाग झाला, मधला झाला. ऐकणारे माना डोलवत होते.

"उगवतीचा कोपरा," दादाजीभाऊंनी पुढचं पान घेतलं. "मरळ शून्य. शिंगूर शून्य. सारंच शून्य हाय बा इथी."

"शून्य कोनं सांगितलं?" सुगंधाबाई एकदम बोलल्या. "आमी तिथी जाळंच टाकत नाई. देवधानाच्या गवतात मासोळ्या आंडे देतेत, म्हून तो कोपरा सोडून ठेवला हाय आमी."

"मासोळी नाई असं समजून गाळाची मशीन तिथीच लावतीन," दादाजीभाऊ हळूच म्हणाले.

मयुरीचा चेहरा उतरला. फॉर्म तिच्या डोळ्यांसमोर आले. त्या कोपऱ्यासमोरचे चौकोन दर वेळी कोरे असत. डेटाबेसमध्येही ते कोरेच होते. रिपोर्ट करताना रिकाम्या जागा बऱ्या दिसेनात, म्हणून तिथे शून्य छापलं जावं अशी सोय तिने स्वतःच केली होती. एका क्लिकचं काम. तेव्हा तिला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

"बाई, ते शून्य मी टाकलं," ती म्हणाली. "तुमच्या सांगण्यात ते नव्हतं."

मग सुगंधाबाईंनी कुणाच्या तरी खिशातला पेन काढून तिच्या हातात दिला. "खोड मंग. अन् खरं काय ते लिव."

मयुरीने शून्यांवर काट मारली आणि लिहिलं : 'जाळं टाकलं नाही. अंडी घालण्याची जागा.' दादाजीभाऊंनी तेही वाचून दाखवलं. आता माना डोलल्या.

सोमवारी तिने रिपोर्ट दुरुस्त केला. आधीच्या प्रतीत आपल्या हातून चूक झाली, ती वापरू नये, असं स्पष्ट लिहून नवी पीडीएफ कार्यालयाला पाठवली. बुधवारी ती ग्रामसभेलाही गेली. तरीही तिथे आलेल्या इंजिनिअरच्या हातात जुनीच प्रिंट होती. दादाजीभाऊंनी नवं पान त्या प्रिंटवर ठेवलं. इंजिनिअरने दोन्ही पानं पाहिली, मयुरीला दोन प्रश्न विचारले, आणि आपल्या नकाशावरचा उगवतीचा कोपरा पेनाने वगळला. गाळ पाळीकडून काढायचा, असा ठराव झाला.

बसला वेळ होता. सुगंधाबाई तिला डोंग्यात बसवून तलावाच्या उगवतीच्या कोपऱ्याकडे घेऊन गेल्या. पाणी उथळ झालं, दोन्ही बाजूंनी गवत वर आलं. सुगंधाबाईंनी बांबू रोवून डोंगा थांबवला.

"हात घाल पाण्यात," त्या म्हणाल्या. "हलू नको मातर."

मयुरीने मनगटापर्यंत हात बुडवला. थोड्या वेळाने काहीतरी बारीकसं, वळवळतं येऊन तिच्या बोटांना टोचू लागलं.