मुळासकट वाहिलेलं फूल

मित्रांनो, ‘मी एक जुनं फूल आहे’ अशी सुरुवात करायला मलाही आवडलं असतं. पण जुनं व्हायची सोय आमच्यात नाही. पाऊस पडला की उगवायचं, ऊन तापायच्या आत फुलायचं, बी वाळूत टाकायचं आणि मरायचं. एवढंसं आयुष्य, तेही मला पुरं जगू दिलं नाही. म्हणून मी संतापलो आहे.

ओमानमध्ये इब्रा गावाच्या पुढे वाळू लागते, तिथला मी. मला ओळखणं सोपं आहे, फक्त खाली वाकायची तयारी हवी. उंची वीतभरही नाही. अंगभर पांढरे राठ केस, हात लावला तर टोचतात. शेंडा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला आणि त्यावर ओळीने बारीक पिवळी फुलं. वर फुलं उमलत असतात तेव्हा खाली बी पिकत असतं. मूळ लाल, चोळलंत तर बोटं रंगतात.

शुक्रवारी समुद्रकाठच्या सीब शहरातून तिथे राहणारं एक मराठी कुटुंब वाळूत फिरायला आलं. चंद्रशेखर, त्यांची बायको रेखा आणि मुलगी सई. आम्हाला पाहताच रेखाताई ओरडल्या, “अहो, फुलं बघा किती! उद्या माघी गणपती. दुकानातली फ्रिजमधली शिळी फुलं वाहण्यापेक्षा ही बरी.”

“घे ना, कुणाचं काय जातंय?” चंद्रशेखर म्हणाले. “यल्ला, चला लवकर, ऊन चढतंय.”

कुणाचं काय जातंय! माझं सगळं गेलं, साहेब! ताईंनी आम्हाला मूठमूठ उपटलं. मी विचारतो, गावाकडे दारची जास्वंद कधी मुळासकट उपटून देवाला वाहिली होती का? तिथे कसं हलक्या हाताने एकेक फूल खुडता! इथे काय झालं?

“मम्मी, तुझी फिंगर्स रेड झाली,” सई म्हणाली.

“मातीचा रंग असेल. धुतलं की जाईल.”

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. पाहुण्यांनी कौतुक केलं, फोटो काढले. काय जाळायचंय ते कौतुक? संध्याकाळपर्यंत आम्ही माना टाकल्या. आज आम्ही निर्माल्य झालो आणि कागदी पिशवीतून सीबच्या समुद्रावर चाललो आहोत.

सईने पिशवीत डोकावून पाहिलं. “मम्मी, यात सीड्स आहेत. सॉल्ट वॉटरमध्ये ते ग्रो होतील?”

“निर्माल्य कचऱ्यात टाकत नाहीत, बाळा. पाण्यातच सोडायचं असतं.”

रेखाताई वाईट नाहीत, याचाच जास्त राग येतो. देवाचं फूल पायदळी येऊ नये म्हणून एवढं जपतात, आणि माझं बी खाऱ्या पाण्यात घालतात. पायदळीच टाका हो मला! माझी जागा तीच आहे.

समुद्र दिसू लागलाय. माझं संपलं. पण इब्राहून येताना माझा एक दाणा गाडीतल्या मॅटला चिकटला, तो अजून तिथेच आहे. आणि चंद्रशेखर आत्ताच म्हणाले, “उद्या गाडी आतून धुवून घेतो. किती वाळू झालीये!”

मित्रांनो, फूल हवंच असेल तर खुडा, उपटू नका. आणि कुणीतरी त्या चंद्रशेखरना गाठून सांगा, गाडी धुण्याआधी ते मॅट गावाबाहेरच्या वाळूत नेऊन झटका. एवढं केलंत तर माझा राग जाईल. सगळा नाही, अर्धा.