पाचकोनी तोंडाचा चार्जर

मी बेकरीच्या मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला चार्जर बोलतोय. विजेवरच्या गाड्या माझ्याकडे येऊन चार्ज होत. 'होत' म्हणावं लागतंय, हीच माझी रड आहे.

कारखान्यात माझ्या तोंडाचं भारी कौतुक होतं. केबलच्या टोकाला जो प्लग असतो, ते माझं तोंड. इतर कंपन्यांचे प्लग गोल, माझा मुद्दाम पाचकोनी केलेला. उद्घाटनाला आमचे विक्रीप्रमुख माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आपल्या गाडीला दुसऱ्याचा प्लग बसणार नाही आणि दुसऱ्याच्या गाडीला आपला. एकदा आलेलं गिऱ्हाईक जातंय कुठे?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेकरीवाल्या काकांनी केक कापला. मीही फुशारलो. माझी अक्कल तेवढीच.

थोड्याच दिवसांत समोर, औषधाच्या दुकानापाशी, दुसऱ्या कंपनीचा गोल तोंडाचा चार्जर उभा राहिला आणि कुरघोडी सुरू झाली. त्यांनी गाडीची किंमत उतरवली, की आम्ही उतरवायचो. त्यांनी वर्षभर चार्जिंग फुकट दिलं, आम्ही दीड वर्ष दिलं. दोघंही एकमेकांना पाण्यात पाहत होते. गाडी घेणाऱ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

एकदा एक गृहस्थ गाडी ढकलत माझ्यापाशी आले. बॅटरी पार संपलेली, समोरचा चार्जर बिघडलेला. त्यांनी माझा प्लग उलटा लावून पाहिला, सुलटा लावून पाहिला, शेवटी बायकोवर चिडले. माझ्या अंगात वीज भरलेली आणि मी नुसता बघत राहिलो. कंपनीच्या हिशेबात हा आमचा विजय होता.

माझं खरं माणूस म्हणजे नर्सताई. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी जाऊन त्या ड्रेसिंग करतात. सकाळी गाडी मला जोडायच्या, बेकरीत चहा घ्यायच्या आणि निघताना माझी केबल नीट गुंडाळून हुकाला अडकवायच्या. बाकीचे ती जमिनीवर फेकून जात.

मग आमची कंपनी हरली. बुडाली नाही, नुसती हरली. तिने गुपचूप नव्या गाड्यांना गोल प्लग बसेल अशी सोय केली. जुन्या गाड्या एकेक करून गेल्या, ताईंची तेवढी उरली.

परवा मला बंद करायला मेकॅनिक आला. मला बसवलं होतं तेही त्यानंच. ताईंची गाडी तेव्हा जोडलेलीच होती.

"ताई, हा आजपासून बंद. मेसेज आला असेल ना तुम्हाला?"

"आला होता. वर नव्या गाडीची जाहिरात होती, म्हणून खाली वाचलंच नाही. आता चार्ज कुठे करू? तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडू?"

"नवी गाडी घ्या. जुनी दिली तर सूट आहे."

"अहो, हिला काय धाड भरलीय? ब्रेक धड, टायर धड. समोरचा प्लग बसेल असा मधला एखादा जोड मिळत नाही का?"

मेकॅनिकनं मान खाली घातली. "बनवला होता. वरच्यांनी विकू दिला नाही. जोड मिळाला तर नवी गाडी कोण घेईल, म्हणाले."

"बरं, आज निदान पूर्ण भरू द्या. टेकडीपलीकडे एक आजोबा आहेत, पाठीला जखम आहे. त्यांच्याकडे दुसरं कुणी जात नाही."

"भरा. मी थांबतो," तो म्हणाला. त्यानं मला हातही लावला नव्हता. पण ऑफिसातून कुणीतरी लांबूनच मला बंद केलं. वीज भिंतीपर्यंत आलेली आणि माझा दिवा विझला. गाडी जेमतेम घर गाठेल एवढीच भरली होती. माझा नुसता जळफळाट झाला.

ताईंनी फोन माझ्या डोक्यावर ठेवून स्पीकर लावला आणि बोलता बोलता माझी केबल गुंडाळायला घेतली. "आजोबा, आज नाही जमणार यायला."

"असू दे गं पोरी. आजची पट्टी मी बदलतो."

ताईंनी केबल रोजच्यासारखी हुकाला अडकवली. समोरचा गोल चार्जर रिकामाच उभा होता.

आता मला उपटून नेतील. खुशाल न्या, भंगारात घाला. फक्त माझ्या जागी जो आणाल, त्याला दारात आलेल्या कुठल्याही गाडीला चालेल असं तोंड द्या. विक्रीप्रमुखांनी पुन्हा टाळ्या घ्याव्यात, माझं काही म्हणणं नाही. पण आजोबांचा हात स्वतःच्या पाठीपर्यंत पोचत नाही.