सव्वीस जानेवारीची यादी

झेंडा उघडला, झेंडूच्या पाकळ्या सगळ्यांच्या डोक्यांवर पक्षपात न करता पडल्या, राष्ट्रगीत झालं, जिलबीचा खोका उघडला. तरी चंद्रप्रकाश रांगेतच उभा. रांगेत आता तो एकटाच होता.

तुरुंगातून सुटलेल्यांना पुन्हा माणसांत वावरायची सवय व्हावी म्हणून नाहूरला हे वसतिगृह काढलेलं. इथे सगळे राष्ट्रीय सण व्हायचे. एक मेला भाषणसुद्धा व्हायचं. तेवढी एक शिक्षा शिल्लक ठेवली होती.

"प्रकाशदादा, लेकीकडे जेवायला जायचंय ना?" वसतिगृह चालवणाऱ्या कुंदाताई म्हणाल्या. "मुलुंड काही विलायतेत नाही."

गावच्या बांधावरच्या भांडणात त्याने कोयता उचलला, तेव्हा दीप्ती दहा वर्षांची होती. आता चोवीसची. पंधरा ऑगस्टलाही तिने बोलावलं होतं. तेव्हाही तो असाच उभा राहिला आणि तिकडे ताट निवलं. कालच फोनवर ती म्हणाली होती, "बाबा, यानंतर नाही बोलावणार मी."

"यादी वाचल्याबिगर माजो पाय हलणा नाय," चंद्रप्रकाश म्हणाला.

तुरुंगातली तेरा वर्षं सव्वीस जानेवारी म्हणजे यादी. साहेब नावं वाचायचे आणि शिक्षेतले काही दिवस सुटायचे. ते सुटलेले दिवस जातात कुठे, हे कोडं त्याला अजून पडे. आरेच्या जंगलाच्या बाजूला सकाळचं धुकं दिसलं की वाटे, तिकडेच असणार. झाडाझाडांवर धुतलेल्या सदऱ्यांसारखे वाळत घातलेले, एकदाही न वापरलेले.

हे त्याने एकदा श्यामकांतला सांगितलं होतं. श्यामकांत पूर्वीचा सरकारी कारकून, इथला सर्वांत जुना रहिवासी. त्याने आता खोक्याचं झाकण फाडलं, कोरी बाजू डोळ्यांसमोर धरली आणि घसा खाकरला.

"रहिवासी चंद्रप्रकाश यांस, पूर्वी सूट मिळालेल्या दिवसांपैकी एक दिवस वापरण्यास देण्यात येत आहे. दिवस जुना आहे. तक्रार चालणार नाही."

"सही खंय हा?"

"हा तेलाचा डाग काय आहे मग? सरकारी सही यापेक्षा कधी नीट वाचता आलीय का तुला?"

ते चंद्रप्रकाशला पटलं. झाकण खिशात घालून तो निघाला.

दिवस खरंच जुना होता. ऊन मऊ, पुष्कळदा धुतलेल्या लुगड्यासारखं. रस्ता आपणच त्याच्या पायांखालून मागे सरकत होता. शाळेतून परतणाऱ्या मुलींच्या हातांत कागदी झेंडे होते, आणि प्रत्येकीच्या दोन वेण्या त्याला ओळखीच्या वाटत होत्या.

दार मात्र उंच, थकलेल्या डोळ्यांच्या बाईने उघडलं. त्याने झाकण पुढे केलं.

दीप्तीने ते उलटसुलट पाहिलं. "कोरं आहे, बाबा."

"जुनो दिवस. अक्षरां उडाली असतील."

तिने त्या डागावरून बोट फिरवलं.

"परत कधी जायचं, तेही उडालं असेल?"

"ता वाचूकच नाय."

"मग घाई नाही," ती म्हणाली, आणि टेबलावर आधीच झाकून ठेवलेलं ताट तिने उघडलं.