दर दोन तासांनी

इस्त्रीवाल्यानं ससा आणला तो सशासाठी नाही, ताईसाठी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते सगळं त्यातूनच झालं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. दवाखान्यातला कमी वजनाच्या बाळांचा वॉर्ड तिनं सगळी नोकरी संपेपर्यंत सांभाळला होता. गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणत. ज्याची ती खरोखरच सिस्टर होती तो एकटाच ताई म्हणे. लग्न दोघांचंही राहून गेलेलं. ती निवृत्त झाली तशी दोघं एका छताखाली राहू लागली. पुढं दुकान, मध्ये पडदा, मागं खोली. दुकानात तो कपड्यांच्या सुरकुत्या काढी आणि पडद्याआडून ती त्याच्या चुका काढी. चहात साखर जास्त, कॉलरला इस्त्री कमी, दाढी कधी करणार. त्याची काही तक्रार नव्हती. बोलणी खाल्ल्याशिवाय त्याचा हात चालत नसे म्हणा ना.

मग ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता चाला. ताईनं अंथरूण धरलं ते सोडेना. दुखतंय म्हणून नाही. तो विचारायचा, का उठत नाहीस, तर ती शांतपणे म्हणायची, उठून जायचंय कुठं? त्यानं वॉकर आणला. त्याच्यावर टॉवेल वाळत पडू लागला. त्यानं विनवण्या केल्या, चिडून बघितलं, एक दिवस तर जेवण टाकून बघितलं. ती म्हणाली, भूक लागली की खाशील. सगळ्यांत वाईट म्हणजे तिनं त्याच्या चुका काढणं थांबवलं. चहा कसाही असो, पिऊन टाकायची.

डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की या अशाच पडून राहिल्या तर आधी पाय जातील, मग छाती भरेल, आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. त्या दिवशी त्याच्या हातून एक शर्ट जळाला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

पक्षी, मासे आणि असलंच काहीबाही विकणारा एक दुकानदार त्याचं गिऱ्हाईक होता. गल्लीत त्याला पक्षीवाला म्हणत. त्याचे कपडे पोचवायला गेला असताना इस्त्रीवाल्याला काउंटरवर बुटांचं खोकं दिसलं आणि खोक्यात सशाचं पिल्लू. मुठीत मावेल एवढं, राखाडी, कान अजून पुरते वर न आलेले. आई मेली, भावंडंही गेली, हे एक उरलंय, पक्षीवाला म्हणाला. कोणी घेणार नाही, कारण याला अजून दूध पाजावं लागतंय.

इस्त्रीवाल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याला कोणी घेत नाही, वजन नाही, आई नाही, पाजावं लागतं, असली पिल्लं जगवण्यातच ताईचा जन्म गेला होता.

पक्षीवाला भला माणूस. त्यानं दुधाच्या पावडरीचा डबा दिला, ड्रॉपर दिला, वाळक्या गवताची पिशवी दिली आणि नीट समजावूनही सांगितलं. सशाची मादी पिल्लांजवळ बसून राहत नाही. दिवसातून एकदा येते, फार तर दोनदा, पाजते आणि निघून जाते. तेवढंच द्यायचं. जास्त पाजलं की पोट फुगतं, आणि पोट फुगलं की संपलंच. गवत समोर ठेवा आणि त्याला त्याचं त्याचं राहू द्या. दोनदा सांगितलं त्यानं. इस्त्रीवाल्यानं दोन्ही वेळा मान डोलावली.

घरी येऊन त्यानं खोकं ताईच्या उशाशी ठेवलं आणि झाकण काढलं. ताईनं आधी नुसती मान वळवली. मग कोपरावर उठली. मग हात आत घालून बोटाच्या मागच्या बाजूनं पिल्लाचं पोट चाचपलं, जसं वॉर्डात बाळाचं अंग गार आहे का ते बघायची.

"गारठलंय," ती म्हणाली. "काय रे, आणताना गुंडाळायला काही मिळालं नाही तुला?"

किती दिवसांनी चूक काढली होती तिनं. इस्त्रीवाल्याला भरून आलं.

"किती वेळानं पाजायला सांगितलंय?" तिनं विचारलं. त्यानं तोंड उघडलं. पण तिनं उत्तराची वाट बघितलीच नाही. "दर दोन तासांनी, आणखी काय! एवढ्याशा पोटात मावणार किती?" असं म्हणत तिनं पांघरूण बाजूला केलं, दोन्ही पाय पलंगाखाली सोडले आणि म्हणाली, "माझ्या चपला कुठं टाकल्यास?"

बोलायची वेळ होती ती हीच. तोंड उघडंच होतं, नुसता शब्द बाहेर यायचा होता. इस्त्रीवाल्यानं वाकून पलंगाखालच्या चपला काढल्या, फडक्यानं पुसल्या आणि तिच्या पायांपुढं ठेवल्या.

त्या दिवसापासून घराला वॉर्डाची शिस्त लागली. ताईनं त्याचा जुना मोबाइल मागून घेतला आणि त्यात दर दोन तासांचे गजर लावून द्यायला सांगितलं. गजर वाजला की ती उठून बसे, चपलांत पाय घाली, वॉकरवरचा टॉवेल त्याच्या अंगावर भिरकावी आणि ओट्यापर्यंत चालत जाई. ड्रॉपर उकळायचा, दूध मनगटावर टाकून बघायचं, पिल्लू फडक्यात गुंडाळून थेंब थेंब पाजायचं. पाजून झालं की खांद्यावर घेऊन पाठ थोपटायची. सशाला ढेकर येते की नाही कोण जाणे, पण ताई थोपटल्याशिवाय सोडत नसे. मांडीवर घेऊन बसे, खोक्यात ठेवलं तरी पुन्हा पुन्हा झाकण उघडून बघे. नाव ठेवू या, असं त्यानं एकदा सुचवलं तर म्हणाली, वजन वाढल्याशिवाय नाव नाही. वॉर्डात तिचा हाच नियम होता. तोवर सगळी नुसती बाळं.

तोही मागं राहिला नाही. फ्लॅनेलच्या तुकड्यावर इस्त्री फिरवून तो ऊन ऊन घडी खोक्यात अंथरायला देई. गिऱ्हाइकाचे कपडे खोळंबले तरी चालतील, बाळाची घडी आधी. पडद्याआडून वॉकरची खटखट ऐकू आली की त्याचा जीव भांड्यात पडे. आणि त्याच वेळी पक्षीवाल्याचं बोलणं डोक्यात किडा वळवळावा तसं वळवळे. मग तो इस्त्री जरा जोरात दाबी.

मनाशी त्यानं हिशेब जुळवून टाकला होता. ताई तज्ज्ञ आहे. मुठीएवढी बाळं जगवलेली बाई आहे. पक्षीवाल्याला काय कळतंय? माणूस स्वतःला पटवायला बसला की वकील लागत नाही.

पिल्लू गोल दिसू लागलं. ताई म्हणाली, बघ, बाळसं धरतंय. त्यानं हात लावून बघितला. पोट ताणलेलं होतं, पाण्यानं फुगा भरून तोंड बांधावं तसं. ताईसुद्धा थोडी थांबली होती का त्या पोटापाशी? त्याला तसं वाटलं. पण ती काही बोलली नाही आणि त्यानं विचारलं नाही.

कपडे पोचवायच्या निमित्तानं तो पुन्हा पक्षीवाल्याकडे गेला आणि कोणा दुसऱ्याच्याच सशाबद्दल विचारावं तसं विचारलं. पक्षीवाल्यानं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, दूध आत्ताच्या आत्ता बंद करा. नुसतं गवत, पाणी, आणि पिल्लाला हात लावू नका. अजून वाचेल कदाचित.

या वेळी मात्र तो ठरवून निघाला. काय बोलायचं ते रस्ताभर घोकत आला. ताई, आपलं चुकलं, माझं चुकलं, पण अजून वेळ आहे. वळणावर आला आणि बघतो तर ताई दुकानात उभी. पडद्याच्या अलीकडे, त्याच्या इस्त्रीच्या टेबलाला टेकून, वॉकरशिवाय. गाऊनच्या खिशातून दोन कान डोकावत होते. कपडे न्यायला आलेल्या बाईला ती सांगत होती की आमचा धाकटा बटणांवरून इस्त्री फिरवतो, तुम्ही त्याला धारेवर धरत चला. ती बाई हसत होती आणि ताईही हसत होती. पडल्यापासून ती पहिल्यांदाच दुकानापर्यंत आली होती.

दूध बंद तर गजर बंद, गजर बंद तर ताई बंद. उद्या सांगू, तो मनाशी म्हणाला. आज तिला हसू दे. पुढच्या गजराला फ्लॅनेल ऊन करून त्यानंच दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लानं ड्रॉपर तोंडात घेतला नाही. खोक्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलं. ताईनं पोट चोळलं, छातीशी धरलं, बोटानं ओठांना दूध लावून बघितलं. दुपारी तो कोणाची तरी पँट अर्धी करून आत डोकावला तेव्हा ती पिल्लू मांडीवर घेऊन नुसती बसली होती. वेगळं काही सांगायला नको होतं.

वॉर्डात बाळ गेलं की ताई आधी रडत नसे. आधी विचारायचं, काय चुकलं? ते कळल्याशिवाय पुढच्या बाळाला हात लावायचा नाही. रडणं मागाहून, ज्याचं त्यानं. तिनं पिल्लाच्या पोटावर दोन बोटं ठेवून दाब दिला, वास घेतला, पाय सरळ करून बघितले.

"पोट फुगून गेलंय," ती म्हणाली. "माझं काहीतरी चुकलंय. त्या दुकानदाराकडे जा आणि विचारून ये, काय चुकलं ते."

तो निघाला. पक्षीवाल्याकडे जायचं कारणच नव्हतं. बंद दारं, सायकली, कोणाच्या तरी खिडकीत वाळणारी चादर, असं बघत गल्लीला दोन फेऱ्या मारल्या. काहीही सांगता आलं असतं. पावडर जुनी होती, पिल्लूच मुळात आजारी होतं. पण ताई प्रश्नावर प्रश्न विचारणार, आणि लहानपणापासून तिच्यापुढं त्याची एकही थाप टिकली नव्हती. आणखी एक गोष्ट त्याच्या मनात होती, आणि ती त्यानं स्वतःपासून लपवली नाही. ताई चिडेल. चिडली तर ओरडेल, भांडी आपटेल, मारायलासुद्धा उठेल. उठेल तरी.

परत आला तेव्हा ती तशीच बसली होती.

"दिवसातून एकदाच पाजायचं असतं, ताई. फार तर दोनदा. जास्त झालं की पोट फुगतं."

तिनं मान हलवली. उत्तर समजल्यावर जुनं, शिकलेलं माणूस हलवतं तशी. मग वर बघितलं.

"एवढ्या लवकर कसा आलास? गेलाच नाहीस तू."

त्यानं ओट्यावरचा ड्रॉपर उचलून बाजूला ठेवला.

"कधी सांगितलं त्यानं तुला हे?"

"आणलं त्याच दिवशी. आणि काल पुन्हा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू उठत होतीस," तो म्हणाला.

ताई चिडली नाही. तिनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. नखं बारीक कापलेली, कातडी साबणानं कोरडी पडलेली. किती बाळं गेली होती त्या हातांमधून, आणि जी राहिली नाहीत ती या हातांमुळे गेली असं कोणी कधी म्हणू शकलं नव्हतं.

"माझ्या हातून करवलंस," ती म्हणाली.

तिनं पिल्लू खोक्यात ठेवलं, फ्लॅनेलची घडी त्याच्यावर घातली, झाकण लावलं आणि खोकं त्याच्याकडे सरकवलं. मग चपला काढल्या, पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

त्याला आता काही दिवस झाले. तो पाया पडला, माफी मागितली. दुसरं पिल्लू आणू का, असंही मूर्खासारखं विचारून बसला. तो देईल तो चहा ती पिते, देईल त्या गोळ्या घेते, विचारलं तर हो-नाही म्हणते. वॉकरवर टॉवेल आहे. डॉक्टर येऊन गेले. पायांवरून हात फिरवून त्यांनी इस्त्रीवाल्याकडे बघितलं आणि बॅग उचलून निघून गेले. तिचा खोकला कालपासून ओला येतोय.

आज दुपारी तो तिच्या उशाशी बसला होता. तिला डुलकी लागली होती. पिल्लू गेल्यापासून तिच्या उशाशी बंद पडून असलेला जुना मोबाइल डॉक्टरांचा नंबर बघायला म्हणून त्यानं नुकताच चालू केला होता. आणि मोबाइलचा गजर वाजला.

ताई उठून बसली. एका झटक्यात, वॉर्डात बाळ रडल्यावर उठावी तशी. पाय पलंगाखाली गेले, डाव्या पायानं चप्पल शोधली, घातली. उजव्या पायाला चप्पल सापडेना म्हणून तिनं खाली वाकून बघितलं, आणि तिथंच थांबली. खोक्याच्या जागी रिकामी फरशी होती. तिनं चप्पल काढली, पाय हातानं उचलून एकेक करून वर घेतला आणि भिंतीकडे वळली.

"बंद कर ते," ती म्हणाली. "सगळे बंद कर."

"हो," तो म्हणाला.

त्यानं मोबाइल हातात घेतला. सगळे गजर तिथं ओळीनं दिसत होते, संध्याकाळचे, उद्या सकाळचे. बंद करायला त्याला एक क्षणही लागला नसता. बॅटरी संपत आली होती. तिची पाठ आपल्याकडे आहे ना, ते त्यानं एकदा बघून घेतलं, आणि मोबाइल चार्जिंगला लावून पुन्हा तिच्या उशाशी ठेवला.