गरम पिनांचं माप

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर माझ्या कमानीवर तुमच्या बोटाला एक चिकट डाग लागेल. तो लाल चिठ्ठीचा डिंक आहे. मी एक मायक्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक जाडी मोजायचं साधन आहे, वयानं जुना, आणि त्या चिठ्ठीवर माझ्याबद्दल एकच शब्द लिहिला होता : ‘नापास’. ज्यानं ती चिकटवली त्याचं पुढं काय झालं, ते आज सांगतो. सांगताना मला आनंद होतो, हे लपवत नाही.

माझा जन्म जपानातला. तिथं माझे दोन्ही जबडे घासूनपुसून इतके सपाट केले, की ते मिटले तर मधून उजेडही जाऊ नये. मग लाकडी पेटीत बसून मी पुण्यात आलो, धायरीच्या एका कारखान्यात. तिथं पोलादी पिना बनतात. प्रवासी विमानाच्या पोटात सामान ठेवायचा कप्पा असतो. त्याच्या दाराची कडी या पिनांवर फिरते. पिन अंगठ्याएवढी जाड, पण तिच्या जाडीत केसाच्या दहाव्या भागाइतकी चूकही चालत नाही. पिन बारीक झाली तर कडी सैल बसते, झिजत जाते, आणि एक दिवस दार हवेत दगा देऊ शकतं.

एकोणीस वर्षं मी पिना मोजणाऱ्या तरन्नुमच्या हातात होतो. ती कसब्यातून रोज स्कूटरवर यायची, हात धुवायची आणि माझ्या जबड्यांत कोरा कागद धरून हळूच ओढायची, म्हणजे धुळीचा कणही राहायचा नाही. मग जबडे मिटून शून्य बघायची. शून्य जुळलं की म्हणायची, ‘‘चला, सुरू करू.’’ पिना मशिनवरून गरम येतात, आणि गरम पोलाद फुगलेलं असतं. म्हणून मापनाच्या थंड खोलीत त्या दोन तास ठेवायच्या आणि मगच मोजायच्या, असा नियम होता. तिनं तो एकदाही मोडला नाही. बाहेरून आलेले पाहुणे मला हातात घेऊन म्हणायचे, ‘‘काय जपलंय!’’

मग विमानांची मागणी वाढली. विमान बनवणारे महिन्याला एकतीस विमानं ग्राहकांच्या ताब्यात देत होते. त्यांना अडतीस द्यायची होती आणि वर्षअखेरीला बेचाळीस. दाराशी मोठा फळा लागला. त्यावर आज किती पिना गेल्या आणि किती जायला हव्या होत्या, ते रोज लिहिलं जाई. उत्पादन सांभाळायला उत्तरेश्वर नावाचे नवे साहेब आले. हुशार होते, पण थांबणं त्यांना जमायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात ते मापनाच्या खोलीत आले. थंड होत ठेवलेल्या पिनांकडे बघून म्हणाले, ‘‘दोन तास विश्रांती? पिनांना? मॅडम, इथे माणसांना मिळत नाही.’’

त्या दिवसापासून पिना मशिनपाशीच, गरम असताना, नव्या डिजिटल मायक्रोमीटरनं मोजल्या जाऊ लागल्या. सगळ्या पास. तरन्नुमनं त्यांतल्याच काही उचलून थंड केल्या आणि माझ्यात धरल्या. त्या बारीक निघाल्या. तिनं पासच्या कागदावर सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत, तीस माणसांसमोर, साहेबांनी मला उचललं. ‘‘नवं यंत्र म्हणतं पास, हे म्हणतं नापास. हे कधीचं? बाबा आदमच्या काळातलं! आणि वापरणाऱ्या मॅडमना चष्म्याचा नंबर तपासायची गरज आहे.’’ काही जण हसले. तरन्नुम म्हणाली, ‘‘सर, फरक यंत्रात नाही, उष्णतेत आहे.’’ त्यांनी ऐकलंच नाही. माझ्यावर लाल चिठ्ठी चिकटवली आणि तिला पॅकिंगला पाठवलं, खोक्यांवर पत्ते चिकटवायला.

मित्रांनो, पोलादालाही अपमान कळतो. भांडारात नादुरुस्त हत्यारांच्या पेटीत पडल्या पडल्या मी एकच गोष्ट मागत होतो : या माणसाला त्याच्या स्वतःच्या तोंडानं खरं बोलायला लागू दे.

चार दिवसांनी तरन्नुम भांडारात आली. चिठ्ठी लागलेलं साधन प्रयोगशाळेत तपासून आणावं, असा नियम होता. तिनं अर्ज भरला. भांडारातले म्हातारे गेनबा म्हणाले, ‘‘ताई, ह्यो मोडका न्हाय, मला ठावं हाय. कशाला तरास घेता?’’

‘‘मला कागद हवाय, गेनबा,’’ ती म्हणाली.

कागद आला. माझं प्रत्येक माप अचूक असल्याचं त्यावर शिक्क्यानिशी लिहिलं होतं. मला वाटलं, आता ती धावत साहेबांकडे जाईल. ती गेली नाही. तिनं कागद घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला, आणि मलाही.

पॅकिंगच्या खोलीत एक कपाट होतं. दर आठवड्याच्या मालातली एक पिन तिथं नमुना म्हणून, नाव-तारीख घालून, ठेवायची असे. जेवणाच्या सुट्टीत तरन्नुम मला पिशवीतून काढायची, नवी नमुन्याची पिन मोजायची आणि वहीत आकडा लिहायची. बारीक. पुढच्या आठवड्यात पुन्हा बारीक. फळ्यावरचे आकडे चढत गेले, साहेबांच्या नावानं केक कापला गेला. केकचा तुकडा पॅकिंगमध्येही आला. तिनं तो गेनबांना दिला.

घरी तिचा नवरा अझीम म्हणाला, ‘‘वर कुणाला तरी कळव ना.’’

‘‘मालकांना पहिल्याच दिवशी लिहिलं. उत्तर आलं, ‘नोंद घेतली’.’’

‘‘मग विमानवाल्यांना लिही.’’

‘‘लिहीन. सगळ्यांसमोर सांगायची वेळ आली की.’’

मी पिशवीतून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, शाबास, थांब अजून.

अकराव्या आठवड्यात विमानवाल्यांकडून चैताली नावाच्या तपासनीस आल्या. बेचाळीस विमानांचा वेग या कारखान्याला झेपेल का, ते बघायला. बैठकीच्या खोलीत मालक होते, साहेब होते, सगळे विभागप्रमुख होते. साहेबांनी आलेख दाखवले. ते संपताच तरन्नुम ट्रे घेऊन आत आली. ट्रेमध्ये अकरा पिना होत्या, सकाळपासून थंड खोलीत ठेवलेल्या.

‘‘मॅडम, नमुन्यांची मापं बघायची राहिली,’’ ती म्हणाली.

उत्तरेश्वर ताडकन म्हणाले, ‘‘या बाईंना मापनातून काढलंय.’’

‘‘म्हणूनच सरांनी मोजावं. त्यांच्याच नव्या यंत्रानं. आणि आकडा मोठ्यानं वाचावा.’’

चैतालींनी मान हलवली. साहेबांनी पहिली पिन धरली. आकडा बघून त्यांनी पिन परत ट्रेमध्ये ठेवली.

‘‘ऐकू आलं नाही, सर.’’

त्यांनी वाचला. दुसरा वाचला. तिसरा. चौथ्याला त्यांनी यंत्र खाली ठेवलं. ‘‘बाकीच्या तशाच असतील,’’ ते पुटपुटले.

‘‘तशाच म्हणजे कशा? आकडा सांगा.’’

अकराचे अकरा आकडे तिनं त्यांच्याकडून वाचून घेतले. खुर्ची मागे होती, पण तिनं त्यांना बसू दिलं नाही. मग तिनं मला समोर ठेवलं, लाल चिठ्ठीसकट, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. मी सांगितलेला प्रत्येक आकडा नव्या यंत्राच्या आकड्याशी जुळला. शेवटी तिनं तो शिक्क्याचा कागद उलगडला. ‘‘यंत्रं दोन्ही खरी होती, सर. तुम्हाला दोन तास जड झाले.’’ मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात इतका गोड दिवस दुसरा नाही.

चैतालींनी तिची वही हातात घेतली. पानं उलटली, तारखा बघितल्या.

‘‘पहिली बारीक पिन तुम्हाला अकरा आठवड्यांपूर्वी सापडली?’’

‘‘हो.’’

‘‘आमच्या कंपनीचा पत्ता तुम्ही रोज खोक्यांवर चिकटवत होतात.’’

तरन्नुमनं शिक्क्याचा कागद परत घडी केला.

‘‘या पिना नऊ विमानांत बसल्या आहेत. त्यांतली दोन आज माणसं घेऊन उडतायत. आधी का नाही कळवलंत?’’

साहेबांना सगळ्यांसमोर वाचायला लावायचं होतं, हे उत्तर त्या खोलीत सांगण्यासारखं नव्हतं. चैताली फोन घेऊन बाहेर गेल्या. विमानं उतरून जागेवर उभी राहीपर्यंत चार तास गेले. ते चार तास तरन्नुम त्याच खुर्चीवर बसून होती, जिच्यावर तिनं साहेबांना बसू दिलं नव्हतं. कुणालाही इजा झाली नव्हती.

उत्तरेश्वर लेखी ठपका घेऊन त्याच आठवड्यात गेले. फळा उतरवला. तरन्नुमला मापनाची खोली परत मिळाली. मालक तिचा सत्कार करणार होते. ती म्हणाली, ‘‘सत्कार नको. त्यांना जसा लेखी ठपका दिलात, तसा मलाही द्या.’’ मालकांना वाटलं ती टोमणा मारतेय. ती टोमणा मारत नव्हती.

आता विमानांतून काढून परत आलेल्या पिनांची खोकी खोलीबाहेर रचलेली आहेत. बाराशे साठ पिना. रोज ती त्यांतल्या काही नियमाप्रमाणे दोन तास थंड खोलीत ठेवते आणि एकेक माझ्यात धरते.

मित्रांनो, आम्हा मोजणाऱ्यांना पुसून ठेवा, उन्हात टाकू नका, आणि न आवडणारा आकडा सांगितला म्हणून खोटं ठरवू नका. जो ठरवेल त्याचं वाईट झालेलं बघायला मला आजही आवडेल. पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे. माप चुकलेलं दिसलं तर त्याच दिवशी सांगा. आज सकाळी तरन्नुमनं सातशे एकविसावी पिन मोजली, बारीक असं लिहिलं आणि त्याखाली सही केली.